वासमारीचं पिंप

यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तोंड वेडंवाकडं करायला नको. आजवर माझ्या गोष्टी ज्यांनी खोट्या मानल्या ते रोज येऊन बसले, चहा पिऊन गेले आणि सुखात राहिले. खऱ्या मानणारी एकच निघाली, माझी लेक. तिचं पुढे येईलच.

साबणाच्या कारखान्यात माझा उभा जन्म गेला, तोही वासखात्यात. वासखातं म्हणजे एक लांबुडकी खोली. भिंतभर फळ्या, फळ्यांवर बाटल्या आणि मधोमध एक स्टूल. त्या स्टुलावर मी. समोर येईल ते हुंगायचं आणि सांगायचं, याच्यात काय कमी पडलंय आणि काय उतू चाललंय. माझ्या नाकाला तिथे इतका मान होता की मला सर्दी होऊ नये म्हणून एक वेगळा माणूस पगारावर ठेवला होता. आवारात कोणी शिंकलं की त्याला पुढे करायचे. माझ्या वाटची सगळी सर्दी त्या बिचाऱ्याने काढली. तो निवृत्त झाला तेव्हा निरोपाला मी रडलो आणि तो शिंकला.

खरं-खोटं तर मला वासावरूनच कळायचं. माणूस खोटं बोलायला लागला की त्याच्या कानामागून ओल्या गंजाचा वास सुटतो. आमचे मॅनेजर भाषणाला उभे राहिले की मी खिडकीपाशी जाऊन बसायचो.

माझी एक पद्धत होती. बाटली हातात आली की आधी तिला फडकं गुंडाळायचं, मग झाकण काढायचं, मग डोळे मिटायचे. कारण लेबल दिसलं की नाक लाच खातं. गुलाबाचं चित्र बघितलं की आत तेलाचा गाळ असला तरी गुलाब यायला लागतो. फडक्यातली बाटली कोणाची भीड ठेवत नाही. ही पद्धत मी घरी लेकीलाही शिकवली होती. तिच्या ती फारच नीट लक्षात राहिली.

आता माझं खास काम. बिनवासाचा साबण. तुम्हाला वाटेल, वास घातला नाही की झाला बिनवासाचा. तसं नसतं. साबणाला स्वतःचा असा एक वास असतो, जुन्या चरबीसारखा, खवट तेलासारखा. तो मारायचा तर त्याच्यावर दुसरा वास सोडावा लागतो, इतक्या बेताने, की दोघे एकमेकांचे पाय ओढत बुडतात आणि वर काहीच दिसत नाही. त्या दुसऱ्या वासाला आम्ही वासमारी म्हणायचो. म्हणजे वेष्टनावर पांढरं पान, खाली 'बिनवासाचा' अशी अक्षरं, आणि आत दोन वास. या कामामुळे कारखान्यात मला सगळे वासमाऱ्या म्हणत. फाटकावर कोणी 'वासमाऱ्या आला का' असं विचारलं की नवा पहारेकरी माझ्यापासून जरा लांबच उभा राहायचा. वास मारणारा म्हणजे वासाला मारणारा, की ज्याच्या अंगाचा वास मारतो तो, हे आपल्या भाषेने नीट ठरवलेलं नाही. त्याचा त्रास मी जन्मभर काढला.

तर त्या दिवशी दुपार कलल्यावर जिन्यात पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली. माझी लेक पूर्वी दोन-दोन पायऱ्या चढून यायची. हल्ली अशी थांबत थांबत येते. दार उघडलं तर ती कठडा धरून उभी, आणि तिच्या काखेत हात घालून एक बाई. लेकीच्या गळ्यातून किटलीसारखी बारीक शिट्टी येत होती.

"काका, धरा जरा," ती बाई म्हणाली. "कामावर जिन्यातच खाली बसल्या. मी काचवाली, त्यांच्याच हाताखाली असते."

माझी लेक एका मोठ्या काचेच्या इमारतीत सफाईच्या बायकांची मुकादम आहे. कोणी कुठला मजला घ्यायचा, फरशीला काय वापरायचं, संडासाला काय, कोणतं कशात मिसळायचं नाही, हे सगळं ती ठरवते. तिला आम्ही खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. तिने श्वासाचा पंप तोंडाला लावला, ओढला आणि डोळे मिटले. काचवालीने खिडकी सताड उघडली आणि पिशवी मांडीवर घेऊन खिडकीच्या कट्ट्याला टेकली.

"मी इथेच बरी," ती म्हणाली. "माझ्या हातांचा वास येत असेल तुम्हाला."

"कसला वास? काही नाही," मी म्हणालो. "स्वच्छ हात आहेत तुझे."

लेकीने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि परत मिटले.

काचवालीने घरभर नजर फिरवली. "किती रिकामं आहे हो घर तुमचं."

रिकामं आहेच. लेकीची धाप सुरू झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, उग्र वास टाळा, फवारे टाळा, अंगाला-केसांना काय लावता तेही बघून घ्या. डॉक्टरांचं वाक्य एवढंसं होतं. ते पाळता पाळता आमच्या नाकीनऊ आले. आधी हवेत मारायचा फवारा गेला. मग पावडर, सेंट, केसांचा रंग, नखांचा रंग. मग फरशीचं गुलाबी पाणी आणि कपडे मऊ करायचं निळं. न्हाणीघरातल्या फळीवर आता बाटल्यांच्या बुडांचे गोल डाग तेवढे उरलेत. कोण कुठे उभं असायचं ते त्यांच्यावरून अजून सांगता येतं. कपडे साध्या वडीने धुतो. ओटा सोडा आणि गरम पाण्याने पुसतो. पुसून झालं की चमकत नाही, नुसता स्वच्छ असतो, आणि चमकत नाही म्हणून मन परत पुसायला सांगतं.

आणि वाचणं. लेक कामावरून यायची, दुकानातून आणलेली एखादी बाटली डोळ्यांशी धरायची आणि मागची मुंगीएवढी अक्षरं वाचत बसायची. एकेक शब्द हातभर लांब. वाचता वाचता तिचं कपाळ टेबलाला टेकायचं. बरं, एवढं वाचून हाती काय, तर सगळ्यात शेवटी 'सुगंध' असा एकच शब्द. त्या एका शब्दाच्या पोटात आमच्या खात्याची अख्खी भिंत मावायची.

एक दिवस तिचं कपाळ टेबलावरून उठेचना, तेव्हा मीच म्हणालो होतो, "तू वाचत बसू नकोस, पोरी. हे नाक काय नुसतं चष्मा टेकायला आहे? मी हुंगून देतो."

"खरंच द्याल, बाबा?" तिने विचारलं होतं. अशा दमलेल्या आवाजात विचारलं, की तिथे नाही म्हणायला माणूस दगडाचा हवा.

तेव्हापासून घरात येणारी प्रत्येक वस्तू फडक्यात गुंडाळून माझ्यापुढे यायची. मी डोळे मिटून हुंगायचो आणि निकाल द्यायचो. मग ती कामावरच्या बाटल्याही आणायला लागली. तिथलं फरशीचं नवं पाणी, पांढऱ्या पानाचं, बिनवासाचं, तेही मीच पास केलं. "निर्मळ आहे," म्हणालो. "आमच्या खात्यात बनलं असतं तर बनवणाऱ्याची पाठ थोपटली असती." तिने साहेबांच्या मागे लागून साऱ्या इमारतीत तेच पाणी सुरू करवलं. आणि तिथपासून तिची शिट्टी वाढत गेली.

"साहेब काय म्हणाले?" मी विचारलं.

लेकीने पंप पुन्हा तोंडाला लावला. काचवालीच बोलली. "साहेब म्हणाले, बिनवासाच्या पाण्यानेसुद्धा धाप लागते म्हणजे दोष पाण्याचा नाही, बाईंचा आहे. पाण्यातच काही आहे असं ठामपणे सांगत असाल तर उद्या सकाळी सांगा, पाणी बदलू. नाहीतर तुम्ही घरी बसा, आम्ही दुसरी मुकादम बघतो."

"ठामपणे," लेक म्हणाली. तेवढ्या एका शब्दाने तिला खोकला आला.

म्हणजे सगळं माझ्या नाकावर येऊन ठेपलं होतं. पाणी निर्मळ, तर लेक घरी. पाण्यात दोष, तर लेक कामावर. पण मग ते पास करणारं नाक कसलं? हा प्रश्न मी मनातल्या मनातसुद्धा पुढे ढकलला. अशा वेळी मी काय करतो ते तुम्ही एव्हाना ओळखलं असेल. मी गोष्ट सांगतो.

"तुला वासमारीच्या पिंपाची गोष्ट माहीत आहे का गं?" मी काचवालीला विचारलं.

"बाबा," लेक म्हणाली.

"तू पड निवांत. मी हिच्याशी बोलतोय."

"सांगा काका," काचवाली म्हणाली. "ताईंची धाप ओसरेपर्यंत मी आहेच."

"तर वासमारी कारखान्यात यायची ती मधासारखी घट्ट. हौदभर साबणाला एक थेंब. तो थेंबसुद्धा आम्ही हौदाकडे पाठ करून टाकायचो."

"पाठ करून का?"

"थेंबाने आपल्याला ओळखून ठेवू नये म्हणून. एकदा का तिने तुम्हाला ओळखलं की तुमचा वास गेलाच म्हणून समज."

काचवाली हसली. हसणारं माणूस समोर मिळालं की माझा पाय घसरतो.

"एके दिवशी ते पिंप माळ्यावरून खाली उतरवताना साखळी सुटली. खाली कोण? मी. अख्खं पिंप माझ्या डोक्यावर. डोळ्यांत, तोंडात, नाकात. उभ्या जागी माझा सगळा वास नाहीसा, अंगाचाही आणि नाकातलाही. मी तिथे आहे की नाही हे मलाच कळेना. चाचपून बघितलं तेव्हा खात्री पटली. आणि उरलेली वासमारी फरशीवरून गटारात, गटारातून रस्त्यावर, रस्त्यावरून गावभर."

"पिंप नव्हतं," डोळे मिटूनच लेक म्हणाली. "बरणी होती. हातातून सुटून फुटली आणि यांच्या तोंडावर उडाली. आई सांगायची. कितीतरी दिवस डोळ्यांना पट्टी होती."

"बरणी म्हटलं की गोष्ट बरणीएवढीच होते," मी म्हणालो. "तर गावाचा वास मेला. कुत्री रस्त्यात भेटायची, सवयीप्रमाणे एकमेकांना हुंगायची, आणि ओळख लागली नाही की माणसांसारखी मान फिरवून निघून जायची. मासळीवालीने परवाची मासळी आजची म्हणून विकली, आणि गंमत म्हणजे लोकांना ती गोडही लागली. मधमाश्या दवाखान्यातल्या प्लास्टिकच्या फुलांवर जाऊन बसल्या. पिणारे नवरे पिऊन घरी आले, सरळ जेवून झोपले. इतका शांत संसार गावाने त्याआधी बघितला नव्हता. एका पुढाऱ्याने सभा घेतली. तासभर बोलला. कोणाला कसलाच वास आला नाही."

"तो अजूनही येत नाही, काका."

"पुढाऱ्यांचं सोड. मी घरी गेलो. आमच्या मंडळीने दार उघडलं आणि म्हणते कशी, 'कोण पाहिजे?'"

"म्हणजे काय?"

"अगं, इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तोंडाकडे कोण बघतं? वासावरून ओळखायची. शेवटी शेजाऱ्यांनी साक्ष दिली तेव्हा आत घेतलं. तरी पहिले काही दिवस मला पाहुण्यांच्या ताटात वाढायची."

लेकीच्या ओठाचा कोपरा जरा हलला. आईची आठवण निघाली की हलतो. मंडळीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती होती तेव्हा या गोष्टीच्या या जागी आतून भांडं आपटायची, आणि मग मला पुढचं सुचायचं.

"मग परत कसा आला सगळ्यांचा वास?" काचवालीने विचारलं.

"हळूहळू. वारा सुटला, पाणी वाहून गेलं. आधी लहान मुलांचा आला, शाळेत एकदम सगळ्यांनी नाकं धरली. मग कुत्र्यांचा. मग बायकांचा, आणि त्या रात्रीपासून पिणाऱ्यांचे हाल सुरू झाले. पण या सगळ्यांच्याही आधी कोणाचा आला माहीत आहे? माझा. जिथे जास्त पडलं तिथून आधी गेलं. डॉक्टर तोंडात बोट घालून बघत राहिले."

"पहिला वास कसला आला?"

"कांद्याचा."

"मागच्या खेपेला ताज्या पावाचा म्हणाला होतात," लेक म्हणाली.

"पावावर कांदा होता."

काचवाली पुन्हा हसली. लेक हसली नाही. ती आता सरळ बसली होती. पंप मांडीवर, दोन्ही हात पंपावर.

"बाबा, दूध लागलं की आधी कोणाला कळायचं? आईला की तुम्हाला?"

"मलाच. पण तिला बोलायची हौस. म्हणून मी तिला आधी बोलू द्यायचो. ती म्हणायची, दूध लागलं वाटतं. मी म्हणायचो, केव्हाचंच."

"आणि आई गेल्यावर?"

"आई गेल्यावर आपण दुधाचं भांडं बदललं."

यावर कोणीतरी हसायला हवं होतं. खाली रस्त्यावर कोणीतरी शटर ओढत होतं, ते मध्येच अडकलं, परत ओढलं, परत अडकलं. काचवाली आपल्या नखांकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, "काका, राग मानू नका. पण त्या फरशीच्या पाण्याला वास येतो."

"कसला?" लेकीने विचारलं.

"कसा सांगू. गोडसर, औषधासारखा. गरम पाण्यात ओतलं की वर येतो आणि डोळ्यांत जातो. पहिल्या दिवसापासून येतो. आम्हाला सगळ्यांना येतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हीच म्हणालात ना ताई, बाबांनी हुंगून दिलंय. तुमचे बाबा त्या खात्यातले. आम्ही म्हटलं, आपलीच नाकं बाद. वरच्या मजल्यावरची ती उंच बाई, ती तर म्हणायला लागली होती की तिला काहीतरी झालंय."

लेकीने मांडीवरचा पंप उलटा केला, सुलटा केला. मग हळू म्हणाली, "मलाही यायचा. मला वाटलं, आजाराने भास होतात."

"तो वास नव्हे," मी म्हणालो. "ती वासाची आठवण. वासमारी जरा जुनी झाली की तिच्या खालून…" पुढे काही सुचेना. माझं असं सहसा होत नाही. आतून कोणी भांडंही आपटलं नाही.

"बाबा," लेक म्हणाली, "अजून एकदा हुंगाल? ते पाणी आहे हिच्याजवळ. फडक्यात गुंडाळून देते, तुमच्या पद्धतीने. तुम्ही सांगाल ते मी उद्या साहेबांना सांगेन."

तिने काचवालीला जवळ बोलावलं, तिच्या कानाशी काहीतरी म्हणाली. काचवालीने एकदा माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि पिशवी घेऊन आतल्या खोलीत गेली.

मी वाट बघत बसलो. खरं सांगायचं तर मीही दमलो होतो. लोकांना वाटतं नाक आपलं आपण चालतं. तसं नसतं, त्यालाही ताकद लागते. आणि त्याहून जास्त लागते ती नाकाचा दरारा सांभाळायला. घरात कोणी आलं की ताठ बसायचं, बाटली तिरकी धरायची, भुवई वर न्यायची, निकाल देण्याआधी जरा थांबायचं. लेक माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि तिच्या आईसारखीच तिचीही एक नस मानेवर उडत होती, श्वास घेताना.

मी मनाशी ठरवून टाकलं. जाऊ दे नाकाचा तोरा. एकदा चुकलं म्हणायचं.

काचवालीने बाटली आणली. निळं फडकं, गच्च गुंडाळलेलं, वरून दोरा. बाटली माझ्या हातात देऊन ती खिडकीपाशी गेली आणि उपरण्यासारखी गळ्यात टाकलेली ओढणी तिने नाकाशी धरली. मला वाटलं, त्या पाण्याची धास्ती घेतली बिचारीने.

मी डोळे मिटले. झाकण काढलं. आधी उथळ हुंगलं, मग खोल. बाटली जरा हलवून परत हुंगलं. थांबलो. भुवई वर नेली.

"आहे," मी म्हणालो.

"काय आहे, बाबा?"

"दोष आहे. वरवर निर्मळ, पण खाली गोडसर. औषधासारखं. हे गरम पाण्यात ओतलं तर वर येणार, डोळ्यांत जाणार. तू जा उद्या आणि ठामपणे सांग साहेबांना. म्हणावं, माझ्या वडिलांनी सांगितलंय. जन्म वासखात्यात गेलाय त्यांचा."

"मग मागच्या वेळी कसं नाही कळलं?"

"मागच्या वेळी मला सर्दी होती."

"तुमची सर्दी तर तो माणूस घेतो ना?" काचवालीने ओढणीआडून विचारलं.

"तो निवृत्त झाला," मी म्हणालो.

कोणी हसलं नाही. मी डोळे उघडले. लेक खुर्चीतून उठून माझ्यासमोर येऊन उभी होती. तिने बाटली माझ्या हातातून काढून घेतली, झाकण लावलं, आणि दोरा सोडायला लागली. घाई नव्हती तिला. गाठ सुटेना तेव्हा दातांनी ओढली. फडकं निघालं. आत एक ओरखडे पडलेली चपटी बाटली होती, तिच्यावर पानही नव्हतं आणि लेबलही.

"हे माझं व्हिनेगर आहे, काका," काचवाली म्हणाली. तिला वाईट वाटत होतं, हे ऐकूनच कळत होतं. "काचा पुसायचं. कागदाचा बोळा आणि हे, दुसरं काही मी वापरत नाही. याच्या वासाने साहेब मला लिफ्टमध्ये घेत नाहीत. मघाशी हातांना येत होता तो हाच."

"जुनं व्हिनेगर कधी कधी…" मी म्हणालो.

"राहू द्या, बाबा." लेकीने फडक्याची घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवली. रागावली असती तर बरं झालं असतं. "उद्या मी साहेबांना सांगते. ठामपणे सांगते. सगळ्या बायकांना वास येतो, मलाही येतो, एवढं पुरे आहे."

"आणि पिंपाचं?" काचवालीने विचारलं. तिला गोष्ट अर्धी सोडवेना. "म्हणजे गावाचा वास गेला होता, तो परत आला, ते तरी…"

"ते खरं आहे," लेक म्हणाली. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचा आवाज शिट्टीच्या वर, अगदी स्पष्ट आला. "सगळ्यांचा वास परत आला, बाबा. तुमचा आलाच नाही."